तिकडच्या घरचे काका

नागपुरात नोकरीला लागल्यावर मी कोष्ट्यांच्या वस्तीत एक खोली भाड्याने घेतली खरी, पण पुढची दोन वर्षं मी राहिलो ते आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या एका खेड्यात, सव्वीस माणसांच्या घरात. त्या घरात मी कधी पाऊल ठेवलं नाही. तरी अजून डोळे मिटले की ते आमच्या रत्नागिरीकडच्या घरापेक्षा स्वच्छ दिसतं. भिंती समुद्रातल्या पांढऱ्या दगडाच्या, वर माडाच्या झावळ्यांचं छप्पर. आत शिरताच डाव्या हाताला पाण्याचा रांजण. अंगणात नुसत्या पायरवावरून माणूस ओळखणारे आंधळे आजोबा. मागच्या पडवीत नारळ खवत बसलेल्या चार सुना, त्यातली तिसरी गाणारी. कचेरीत मी शेताबांधांचे नकाशे उतरवून काढायचं काम करी. दुपारी उन्हानं सगळी कचेरी पेंगायला लागली की माझं अर्धं लक्ष त्या पडवीत असे.

ही करणी एका माणसाची. वस्तीत त्यांना सगळे 'आफ्रिकावाले' म्हणत. मी काका म्हणायचो.

एक मोठं अंगण होतं. अंगणाच्या एका अंगाला काकांच्या मोठ्या भावाचं घर, त्यात चार माग आणि एकोणीस माणसं. दिवसभर धोट्यांचा खटखटाट चाले. समोरच्या अंगाला विहिरीपलीकडे दोन खोल्या. एकीत काका एकटे राहत, दुसरी त्यांनी मला दिली.

मी ट्रंक घेऊन टांग्यातून उतरलो तो वैशाखातला दिवस होता. अंगणात चिटपाखरू नव्हतं. पन्नाशीतला एक उंच, सावळा माणूस स्वतःच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभा होता. दार सताड उघडं, आत काळोख. त्यांनी काहीतरी हाक दिली, मान किंचित कलती करून थांबले, पुन्हा हाक दिली, पुन्हा थांबले. तिसऱ्या हाकेनंतर खुशीत मान हलवून आत गेले. मी मागोमाग डोकावलो. खोलीत कुणीच नव्हतं.

"आत तर कुणी नाही. मग हाक कुणाला मारलीत?"

"घराले," ते म्हणाले. "आपण आलो हे घराले समजू द्या लागते ना जी. तिकडं तीनदा हाक देतात. तिसऱ्यांदाही उत्तर नाही आलं तं मुकाट्यानं वापस जातात."

"पण तुम्ही तर आत गेलात."

"उत्तर आलं म्हून गेलो."

मग मी ट्रंक माझ्या खोलीत ठेवली. आपण एका वेड्याच्या शेजारी राहायला आलो आहोत अशी माझी खात्री झाली आणि दुसऱ्या सकाळी ती पक्की झाली, कारण त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ पाहून मी कचेरीला निघालो आणि नोकरीच्या पहिल्याच दिवशी साहेबांच्या शिव्या खाल्ल्या. तिकडे दिवस सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे त्यांच्या लेखी एक. काकांचं घड्याळ कायम सहा तास वेगळं चाले. मी रागानं विचारलं तर म्हणाले, "दिवस सूर्य निघाल्यावर सुरू होते हे कोंबड्याले समजते. घड्याळालेच काहून समजू नये?"  पुढे मीच कचेरीतून आल्यावर मनातल्या मनात सहा तास कमी करू लागलो.

सकाळी विहिरीवर गाठ पडली की त्यांची विचारपूस सुरू होई. तीही तिकडचीच रीत. झोप कशी झाली? काम कसं आहे? घरचे कसे आहेत? रस्ता कसा होता? रस्ता म्हणजे माझ्या खोलीपासून विहिरीपर्यंतची बारा पावलं. प्रत्येक प्रश्नाला 'बरं' असंच उत्तर द्यायचं, मग पुढचं बोलणं. एकदा माझी दाढ सुजून गाल भोपळ्याएवढा झाला होता. त्यांनी पहिला प्रश्न विचारताच मी कण्हत दाढेचं सांगितलं. त्यांना ते मुळीच आवडलं नाही.

"असं नसते बाबू. आधी बरं म्हणा. सगळ्याले बरं म्हणून झालं की मंग 'पण' म्हणा, आन मंग दाढेचं सांगा."

"दाढ ठणकत असताना बरं कसं म्हणू?"

"दाढ दुखून राहिली. बाकी तुमी तं बरे आहे ना? वाईट बातमीले घाई नसते. ते बाहीर ओट्यावर बसू शकते."

मी चारही प्रश्नांना 'बरं' म्हटलं तेव्हा कुठे त्यांनी लवंगेचं तेल काढून दिलं.

आता इतकं तिकडचं तिकडचं चाललं आहे, तर ते तिकडे गेले कसे ते सांगितलं पाहिजे. तरुणपणी काका इथल्या एका जिनिंग कारखान्यात मिस्त्री होते. सरकी काढायच्या यंत्राचा आवाज ऐकून त्याचं दुखणं सांगत. पहिल्या लढाईच्या बऱ्याच आधी एका कच्छी व्यापाऱ्यानं मोंबासाहून शिडाच्या पडावानं एक दिवसाच्या वाटेवर कापसाचं जिन घातलं आणि यंत्रांबरोबर काकांनाही बोटीत बसवून नेलं. तिथे पोचल्यावर कळलं, मिस्त्रीसाठी बांधायचं घर अजून कागदावरच आहे. तेव्हा गावातल्या एका मोठ्या घरात त्यांची आठ दिवसांपुरती सोय केली गेली. त्या घरात काका सात वर्षं राहिले.

घराची मालकीण एक विधवा बाई. तिला काका 'तिकडची माय' म्हणत. रोज संध्याकाळी जेवणाआधी ती दारात उभी राहून माणसं मोजायची. समुद्रावर गेलेले मुलगे, सुना, लेकी, नातवंडं, नातवंडांचे आजोबा म्हणजे तिचे आंधळे दीर. पंचवीस झाले की काकांकडे बोट करून सव्विसावा. आकडा भरल्याशिवाय कुणी ताटाला हात लावायचा नाही. मग चटया अंथरत आणि पाचसहा जणांत एक याप्रमाणे मोठाली ताटं मांडत. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, वर मासळीचं कालवण. सगळ्यांचे हात एकाच ताटात. आपल्या पुढ्यातल्या भागातूनच खायचं, आणि चांगला तुकडा दिसला तर तो शेजाऱ्याच्या पुढ्यात सरकवायचा.

"पहिले चार दिवस मी अलगच जेवलो," काका सांगत. "कोष्ट्याचा पोरगा. मुसलमानाच्या घरचं पाणी मी डोळे मिटून पीत होतो. पाचव्या दिवशी ताप आला. तो असा आला का अकरा दिवस मले काही ठाऊक नाही. सुना सांगत होत्या, मी नुसता माय, माय करून राहिलो होतो. तिले आपली भाषा कुठची समजते? पण मी हाक दिली का ते ओ देत होती. अकरा दिवस, रात्रंदिवस ओ देत राहिली. बरा झालो त्या दिवशी तिनं भात कालवला, पहिला घास मले दिला आन त्याच ताटात स्वता जेवली. मंग मी कायले अलग बसतो?"

हे ते इतक्या हळू आणि गोड आवाजात सांगत की ऐकता ऐकता मागांचा खटखटाट मागे पडे आणि मला समुद्र ऐकू येई. मी समुद्राकाठचा माणूस. नागपुरात येऊन मला सगळ्यात जास्त आठवण येई ती नारळाची. आणि गंमत अशी की अख्ख्या वस्तीत नारळाचं दूध काढणारं एकच घर होतं, ते या कोष्टी मिस्त्र्याचं! इतवारीच्या बाजारातून नारळ आणून ते आठवड्यातून दोनदा तो भात करीत. पहिल्यांदा वास आला तेव्हा मी माझ्या खोलीतून उठून त्यांच्या दाराशी कधी गेलो ते मलाच कळलं नाही. तीनदा हाक मात्र दिली. त्यांनी परात पुढे ओढली, चटईवर सरकून जागा केली, आणि मी त्यांच्या परातीत जेवलो. त्या काळी हे सोपं नव्हतं. मी शूर होतो असं कुणी समजू नये. मला भूक होती आणि बघायला कुणी नव्हतं.

चटईही त्यांनीच विणलेली. नाग नदीच्या काठावरून शिंदीची पानं आणायची, चिरून वाळवायची आणि बोलता बोलता, चालता चालता त्यांची लांबच लांब वेणी घालत राहायचं. मग त्या पट्ट्या एकमेकींना शिवायच्या. तिकडे हे काम बायकांचं. इकडे चार मागांच्या घरातला पुरुष हातात पानांची वेणी घेऊन वस्तीतून फिरतो म्हटल्यावर लोक हसणारच. काका त्यांच्याकडे बघून हात करीत, वेणी चालूच.

मोठ्या भावाला मात्र हसू येत नसे. हा भाऊ रेशीमकाठी लुगडी विणण्यात पटाईत. माणूस अबोल, कोरडा, हाडानं काटक. दोन वर्षांत तो काकांशी एक शब्द बोललेला मी ऐकला नाही. काही सांगायचं असलं की तो हवेकडे बघून म्हणे, "कोणाले तरी सांगा, विहिरीचा दोर कमजोर झाला." आणि काका हवेकडे बघूनच म्हणत, "कोणाले तरी सांगा, नवा दोर आणून ठेवला आहे."

याचं मूळ जुनं होतं. सख्खी आई शेवटच्या दुखण्यात आहे अशी तार आली म्हणून काका आफ्रिकेहून परतले. तिनं दोघा भावांचे हात एकमेकांत दिले, "एकमेकाले सोडजा नको," म्हणाली आणि गेली. तेरावं झालं आणि जातीची पंचायत बसली. समुद्र ओलांडला, मुसलमानाच्या घरी एका ताटात जेवला. प्रायश्चित्त घे, चूक कबूल कर, मग पंगतीला बस. काका पंचांपुढे हात जोडून म्हणाले, "समुद्राची माफी मागतो. ताटाची नाही मागत. ते माह्या मायचं ताट होतं."

पंच म्हणाले, तुझी माय कालपरवा वारली, तिचं तेरावं आम्ही जेवलो. काका म्हणाले, ते एक झाली, दुसरी जिती आहे. पंचांना वाटलं हा थट्टा करतो आहे. जातीनं त्यांना बाहेर ठेवलं. भावानं घराबाहेर काढलं नाही, कारण आईनं हातात हात दिला होता, पण घरातही घेतलं नाही. विहिरीपलीकडच्या दोन खोल्या दिल्या. काका परत आफ्रिकेला जाऊ शकले असते. तेही गेले नाहीत, त्याच हातासाठी. सकाळचं जेवण भावजय खोलीबाहेरच्या दगडावर ठेवी. "भाऊजी, ताट ठेवलं जी," असं म्हणून ती पदर सावरत परत जाई. आडव्या बांध्याची, मोठ्या आवाजाची बाई. एकोणीस माणसांचं घर तिच्या तव्यावर चाले.

काकांना जातीत परत यायची मुळीच घाई नव्हती. त्यांची एकच हौस होती. समोरच्या घरातल्या एकानं तरी, एकदा तरी, त्या बाईला त्यांची माय म्हणावं.

हे मला कळलं ते माझ्या एका नीचपणामुळे. रत्नागिरीहून माझे मामा नागपूर पाहायला आले आणि माझ्याकडे उतरले. काका मोठ्या उत्साहानं आमच्या ओट्याशी आले, मामांना रस्त्याची, झोपेची, घरची विचारपूस केली. मामांनी हाताचं अंतर राखून उत्तरं दिली. बोलता बोलता काका म्हणाले, "माह्या तिकडच्या मायनं तुमाले पाह्यलं असतं तं पहिले भातच वाढला असता."

"तिकडची माय?" मामांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे कुणी हबशीण की काय?" आणि ते हसले.

मीही हसलो. मामांना बरं वाटावं म्हणून हसलो. वर म्हणालो, "यांचं आपलं काहीतरी असतं. मी जेवायला खानावळीत जातो, यांच्याशी खोलीपुरता संबंध." काकांच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं. "होय जी, बाबू खानावळीतच जेवतात," म्हणाले आणि गेले.

मामा गेल्यावर संध्याकाळी नारळाच्या भाताचा वास आला. मी दाराशी जाऊन हाक दिली. आत एका बाजूला परात होती आणि दुसऱ्या बाजूला माझ्यासाठी वेगळं ताट वाढून ठेवलेलं होतं. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. मला अडचण होऊ नये एवढाच विचार होता. मी ताट उचलून त्यातला भात परातीत ओतला, समोर बसलो आणि म्हणालो, "काका, चुकलो. तुमच्या आईला मी हसायला नको होतं."

त्यांनी मग मासळीचा मोठा तुकडा माझ्या पुढ्यात सरकवला.

"तुमी तिले माही माय म्हणलं ते गोड लागलं, बाबू. पण तुमी आज आहे, उद्या बदली होऊन जासान. हे माह्या घरच्यानं म्हणलं पाह्यजे. नाही तं मी मेल्यावर कोणालेच ठाऊक नाही राहणार का याले दोन माया होत्या."

तिकडून वर्षाकाठी एखादं पत्र येई. आधी पडावानं मोंबासा, तिथून टपालानं मुंबई, मग नागपूर. ते वाचणं हा एक सोहळाच होता, कारण पत्राची भाषा तिकडची आणि लिपी अरबी. काकांना भाषा येई, लिपी येत नसे. मोमीनपुऱ्यात एक म्हातारे मियाँजी होते, मागावर बसत आणि मुलांना कुराण शिकवीत. त्यांना लिपी येई, भाषेतलं काही कळत नसे. मग मियाँजी एकेक अक्षर लावून मोठ्यानं सुरात वाचीत आणि काका डोळे मिटून ऐकत. वाचणारा कोरा आणि ऐकणारा मध्येच पोट धरून हसतो, असा तो प्रकार.

"क्या बोले? क्या बोले?" मियाँजी चष्म्यावरून विचारीत.

"छोटी की बकरी दादाजी की टोपी खा गई," काका सांगत, आणि मग मियाँजी आपण वाचलेल्या मजकुराला उशिरा हसत. इतक्या वर्षांत त्यांनाही ते घर पाठ झालं होतं. तिसऱ्या सुनेला मुलगी झाली तेव्हा त्यांनी माझ्या हातावर खडीसाखर ठेवली होती. उत्तर लिहितानाही तसंच. काका बोलत, मियाँजी नुसता आवाज कागदावर उतरवीत. आपण काय लिहिलं हे लिहिणाऱ्याला ठाऊक नाही आणि लिहिलेलं ओळखायला सांगणाऱ्याला येत नाही. तरी पत्रं पोचत आणि उत्तरं येत.

मी तिथे असताना मात्र एक पत्र येऊन गेल्यावर दीड वर्ष काही आलं नाही. काका रोज पोस्टमनची झोप, काम आणि रस्ता विचारीत. तो बिचारा सगळ्याला 'बरं' म्हणून रिकाम्या हातानं पुढे जाई.

आणि मग मार्गशीर्षातल्या एका रविवारी सकाळी पत्र आलं. लिफाफा जाड होता. काकांनी धुतलेलं धोतर नेसलं, मला बरोबर घेतलं, आणि आम्ही मोमीनपुऱ्यात गेलो. कोवळं ऊन होतं. मियाँजी मागावरून उठले, हात धुऊन आले, चष्मा पुसला. पत्र सुरू झालं. पहिलं पान नेहमीसारखं खुशालीचं. याचा सलाम, त्याचा सलाम, आम्ही बरे, मुलं बरी, बकऱ्या बऱ्या. काका डोळे मिटून मान डोलवत होते. मधूनच मला सांगत, "मोठ्यानं नवी नाव बांधली." "आजोबा अजून पायरव ओळखतात." मी चटईवर पाय पसरून बसलो होतो. मला मागच्या पडवीतलं गाणंसुद्धा ऐकू येत होतं.

मियाँजींनी पान उलटलं, दोन ओळी वाचल्या आणि थांबले.

मयताची बातमी सांगताना मुसलमान माणूस कुराणातली जी ओळ म्हणतो, ती तिथे लिहिलेली होती. सगळ्या वर्षांच्या सगळ्या पत्रांत सलामाखेरीज मियाँजींना आपणहून कळलेली ही पहिली ओळ. त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला. चष्मा काढला. काका डोळे मिटून वाट पाहत होते.

"भाई," मियाँजी म्हणाले, "कौन, ये मेरे को नहीं मालूम. मगर घर में से कोई गया है."

काकांनी डोळे उघडले नाहीत. "पढ़िए," म्हणाले.

मियाँजींनी पुढचं वाचलं, अगदी सावकाश, सूर न लावता. शब्द कळत नव्हते तरी त्यांच्या आवाजाला ओल आली होती. काकांचे ओठ हलत होते. वाचून संपल्यावर त्यांनी हात पुढे केला, पत्र घेतलं, जे आपल्याला वाचता येत नाही त्याच्यावरून एकदा बोट फिरवलं.

"माय गेली," मला म्हणाले. "पावसाळ्यात गेली. शेवटच्या दिवशी संध्याकाळी तिनं माणसं मोजली. सव्वीस भरले नाही. सुना म्हणाल्या, तो परदेशात आहे, जेवून घे. तं म्हणाली, वाटेवर असन, थांबा थोडं." त्यांनी पत्राची घडी घातली. मियाँजी त्यांचा हात धरून बसले होते.  मी रडलो, ते लपवण्यात अर्थ नाही. ज्या घरात मी दोन वर्षं राहिलो त्या घरातली बाई गेली होती.

काका उठले आणि सरळ घराकडे चालू लागले. मियाँजीही आमच्याबरोबर आले. वाटेत काकांनी न्हाव्याला हाक मारून बरोबर घेतलं. अंगणात आल्यावर विहिरीचं गार पाणी अंगावर ओतून घेतलं आणि ओलेत्यानं न्हाव्यापुढे मान खाली घालून बसले. आईबापाचं सुतक ऐकल्या दिवसापासून धरतात, आणि मुलगे वयाच्या क्रमानं, थोरला आधी, डोकं भादरतात. मियाँजी बाहेर ओट्यावर टेकले. मी माझ्या दारात उभा होतो. वस्तरा फिरू लागला, पांढरे केस फरशीवर पडू लागले.

समोरच्या घरात माग चालू होते. चुलीचा धूर कौलांतून वर येत होता. भावजय भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी दारात आली.

"काय झालं जी, भाऊजी?"

"माय गेली, वहिनी."

कुठली माय, हे तिनं विचारलं नाही. सगळ्या अंगणाला ते ठाऊक होतं. आतून एका मागाचा आवाज थांबला आणि मोठ्या भावाचा आवाज आला.

"कोणाले तरी सांगा, आपली माय जाऊन जमाना झाला. अंगणात हा तमाशा नाही पाह्यजे. लोकं हासतीन."

काका हलले नाहीत. न्हाव्याचा वस्तरा हवेतच थांबला. भावजय एकदा नवऱ्याच्या मागाकडे, एकदा दिराच्या अर्ध्या भादरलेल्या डोक्याकडे बघत उभी राहिली. मग आत गेली. जळत्या लाकडांवर पाणी पडल्याचा चर्र आवाज मला माझ्या दारापर्यंत आला, आणि कौलांतून पांढरी वाफ निघाली. ती परत दारात आली तेव्हा तिच्या हातात रिकामी घागर होती.

"आज चूल नाही पेटणार," ती म्हणाली. ती नेहमी ओरडून बोले. हे मात्र हळू बोलली, तरी घरभर ऐकू गेलं.

"काहून?" आतून भाऊ.

"सुतक आहे घरात."

"कोणाचं सुतक?"

"तुमची माय तवा गेली. भाऊजीची माय आज गेली. माय गेलेल्या घरात चूल पेटवत नाहीत, हे मले तुमच्याच मायनं शिकवलं."

एकेक करून बाकीचे तीन मागही थांबले. वस्तीत इतकी शांतता मी तोवर कधी ऐकली नव्हती. काकांचे खांदे हलत होते. न्हाव्यानं भराभर उरलेलं डोकं उरकलं, वस्तरा पुसला आणि धोकटी आवरायला घेतली.

तेवढ्यात मोठा भाऊ मागाच्या खड्ड्यातून वर आला. अनवाणी अंगण ओलांडून, विहिरीला वळसा घालून तो आमच्या बाजूला आला. हा आता काकांच्या अंगावर धावून जाणार म्हणून मी पुढे झालो. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. डोक्यावरची टोपी काढून विहिरीच्या कठड्यावर ठेवली आणि भावाशेजारी, ओल्या फरशीवर, न्हाव्यापुढे मान वाकवून बसला.

न्हावी गोंधळला. "तुमचं काहून जी, मालक?"

भावानं काकांच्या तोंडाकडे पाहिलं.

"मी मोठा आहो गा," तो म्हणाला. "याच्या आधी माहं व्हाले पाह्यजे होतं."